लांबच्या वाटेने लवकर

दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर पृथ्वीच्या गोलावर सर्वांत जवळच्या वाटेने मोजले तर साधारण १२,४०० किलोमीटर भरते. एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये ही थेट सेवा सुरू केली, तेव्हा जाताना विमान पश्चिमेकडे, अटलांटिकवरून, सुमारे १३,९०० किलोमीटर उडायचे. ऑक्टोबर २०१६ मध्ये वाट पार उलटी केली: पूर्वेकडे, पॅसिफिक ओलांडून, सुमारे १५,३०० किलोमीटर. चौदाशे किलोमीटर जास्त कापूनही विमान साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा जवळजवळ दोन तास आधी पोहोचले!

जरा भागाकार करून पाहा. १५,३०० ला १४.५ ने भागले की सरासरी वेग येतो ताशी १,०५५ किलोमीटर. बोइंग ७७७ भरउंचीवर हवा कापते ती ताशी ९०० च्या आसपास. वरचे दीडशे किलोमीटर इंजिनांनी दिलेले नाहीत, ते पाठीमागून ढकलणाऱ्या वाऱ्याने दिले. पश्चिमेच्या वाटेवर हाच वारा समोरून येतो आणि वेग खातो.

पृथ्वी पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला निघालेल्या विमानाखाली शहर आपणच सरकत यायला हवे, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही, कारण हवाही पृथ्वीसोबतच फिरते. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम होतो तो वाऱ्यांवर. उष्ण कटिबंधात तापून वर चढलेली हवा ध्रुवाकडे निघाली की या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळते. त्यातूनच नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर वेगवान वाऱ्याचे अरुंद पट्टे तयार होतात. हेच जेट प्रवाह. उबदार आणि थंड हवेतला फरक हिवाळ्यात वाढतो, तसा त्यांचा जोरही वाढतो. जपानवर तर तो फारच असतो.

हे वारे तिथेच आधी मोजले गेले, यात नवल नाही. वासाबुरो ओइशी या हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात ततेनो वेधशाळेतून फुगे सोडून त्यांची नोंद केली. जगाला कळावे म्हणून अहवाल १९२६ मध्ये एस्परांतो या जगभरासाठी मुद्दाम घडवलेल्या भाषेत छापला, आणि नेमका त्यामुळेच तो फारसा कोणी वाचला नाही. १९४४ मध्ये जपानवर गेलेल्या अमेरिकी बी-२९ बाँबफेकी विमानांना या वाऱ्यांनी बेजार केले, तेव्हा कुठे त्यांची गंभीर दखल घेतली गेली. इतक्या कष्टाने जमवलेल्या नोंदी अशा पडून राहाव्यात, याची हळहळ वाटते.

दोन शहरांमधले अंतर भागिले विमानाचा वेग, एवढ्यावर काढलेली प्रवासाची वेळ म्हणूनच ढोबळ असते. जेट प्रवाह रोज थोडे सरकतात, कधी नागमोडी वळतात. उड्डाणाच्या काही तास आधी वाऱ्याचा ताजा अंदाज घेऊन त्या दिवसाची वाट आखली जाते, टाकीत किती इंधन भरायचे तेही त्यावरच ठरते. एकाच क्रमांकाचे विमान आज एका वाटेने जाते, तर उद्या शेकडो किलोमीटर बाजूने.