४,२९,४९,६७,२९७ : फर्माला चकवणारी संख्या

२ चा ३२ वा घात घ्या, त्यात १ मिळवा. ४,२९,४९,६७,२९७ ही दहा अंकी संख्या येते. ती मूळ आहे की नाही, हा प्रश्न जवळजवळ शतकभर लोंबकळत राहिला.

पियेर द फर्मा हा सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती, पण पेशाने न्यायखात्यातला. गणित करायचं आणि निष्कर्ष पत्रांतून कळवायचे, ही त्याची रीत. १६४० मध्ये त्याने लिहिलं की २ चे १, २, ४, ८, १६ असे दुपटीने वाढणारे घात घेऊन प्रत्येकात १ मिळवला की मूळ संख्याच मिळते. ३, ५, १७, २५७, ६५,५३७ पर्यंत हे अगदी बरोबर आहे. त्यापुढची संख्या म्हणजे आपली ही. सिद्धता हाती नसल्याचं फर्माने मान्य केलं होतं, पण त्याची खात्री काही ढळली नाही.

१७२९ मध्ये गोल्डबाख या गणितज्ञाने पत्रातून हा विषय लेओनहार्ड ऑयलर या तरुण गणितज्ञापुढे ठेवला. ऑयलर तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचा. १७३२ मध्ये त्याने उत्तर मांडलं: ६४१ ने नि:शेष भाग जातो, भागाकार ६७,००,४१७. फर्माचा अंदाज तिथेच निकालात निघाला.

हे साधलं कसं, याचा खुलासा ऑयलरने पुढे केला. या संख्येला भागणारी कोणतीही मूळ संख्या ६४ च्या पटीपेक्षा १ ने मोठीच असावी लागते. म्हणजे तपासायच्या फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्या भागाकारालाच काम फत्ते! नवल असं, की या युक्तीचा पाया फर्माचंच एक प्रमेय आहे आणि तेही १६४० मधलंच. हत्यार घरात असून त्याने ते इथे चालवलं कसं नाही, हे कोडंच आहे.

भागाकार न करताही ६४१ ची करामत दिसते. ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा ७ वा घात. त्याला ६४१ ने भागलं तर बाकी उणे १ (६४१ ला १ कमी पडतो), म्हणून त्याच्या चौथ्या घाताची बाकी १. हा चौथा घात म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८ वा घात. आता ६२५ आणि १६ मिळून ६४१ होतात. तेव्हा बाकीच्या हिशेबात ६२५ च्या जागी उणे १६ चालतं. १६ म्हणजे २ चा ४ था घात. म्हणजे उणे '२ चा ३२ वा घात' याची बाकी १, म्हणून '२ चा ३२ वा घात' याची बाकी उणे १, आणि त्यात १ मिळवून झालेल्या आपल्या संख्येची बाकी शून्य.

फर्माच्या या संख्यांना पुन्हा मान मिळाला तो जर्मन गणितज्ञ गाउसमुळे. १७९६ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, नियमित सतराभुज (सतरा समान बाजू आणि समान कोन असलेली आकृती) फक्त पट्टी आणि कंपासने काढता येतो हे त्याने दाखवलं. अशा रीतीने काढता येणाऱ्या नियमित आकृतीच्या बाजूंची संख्या मूळ असेल, तर ती फर्माच्या मूळ संख्यांपैकीच असावी लागते. अशा संख्या आजवर पाचच सापडल्या आहेत आणि त्यांचा गुणाकार ४,२९,४९,६७,२९५ : आपल्या संख्येपेक्षा बरोबर २ ने कमी. पुढची फर्मा संख्या, २ चा ६४ वा घात अधिक १, हीसुद्धा संयुक्तच निघाली; तिचे अवयव फ्रेंच गणिती लाँद्रीने १८८० मध्ये शोधले.