वाचक कोण, हे सिद्ध करण्याची लढाई: व्यवसाय-मासिकांच्या संघटनेची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या व्यवसाय-मासिकांच्या प्रकाशकांनी १९०६ साली एकत्र येऊन ‘फेडरेशन ऑफ ट्रेड प्रेस असोसिएशन्स’ स्थापन केली. एकेका धंद्याला वाहिलेली पत्रे तिथे पुष्कळ होती. रेल्वेवरचे ‘अमेरिकन रेलरोड जर्नल’ तर १८३२ पासूनचे. अडचण होती ती भरवशाची. प्रकाशक सांगेल तो खप जाहिरातदाराने निमूट मानायचा, अशीच रीत होती. १९१४ मध्ये ‘ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स’ आल्यावर खप तिऱ्हाइताकडून तपासून घेता येऊ लागला. दोन वर्षांनी संघटनेने ‘असोसिएटेड बिझनेस पेपर्स’ हे नाव घेतले. तिचा भर पैसे मोजून अंक घेणाऱ्या वर्गणीदारावर होता.

त्यामागे टपालखात्याचाही हात होता. १८७९ च्या कायद्याने सवलतीच्या दरासाठी खऱ्या वर्गणीदारांची यादी सक्तीची केली होती, त्यामुळे फुकट वाटलेल्या अंकाला ती सवलत मिळत नसे.

आणि तरीही फुकट अंकांचा पंथ वाढत गेला. त्याचे गणित पक्के होते: कारखान्यात खरेदीचा निर्णय घेणारी माणसे शोधायची, त्यांचे पद आणि काम नोंदवून घ्यायचे, आणि अंक फक्त त्यांनाच पाठवायचा. खर्च जाहिरातदार उचलणार. याला ‘कंट्रोल्ड सर्क्युलेशन’ म्हणत. १९३१ मध्ये अशा अंकांसाठी वेगळी तपासणी संस्था निघाली, तीच पुढे बीपीए (बिझनेस पब्लिकेशन्स ऑडिट) म्हणून ओळखली गेली. या प्रकाशकांनी स्वतःची संघटनाही उभारली, ‘नॅशनल बिझनेस पब्लिकेशन्स’. एक बाजू म्हणे, पैसे देणाराच मन लावून वाचतो. दुसरी म्हणे, वर्गणी कोणीही भरेल. यंत्र विकत घेणारा नेमका माणूस आमच्याच यादीत आहे. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते, आणि या भांडणाने तपासणीची शिस्त दोन्हीकडे रुजवली हे मोठेच काम झाले असे वाटते.

१९६५ मध्ये दोन्ही संघटना एक होऊन ‘अमेरिकन बिझनेस प्रेस’ झाली. पुढे टपाल दरवाढीच्या सुनावण्यांत प्रकाशकांची बाजू मांडणे हे तिचे कायमचे काम होऊन बसले. छोट्या खपाच्या मासिकाला दरातली किरकोळ वाढही जड जाते. एकट्या प्रकाशकाला तिथे वकील उभा करणे परवडले नसते.

संपादकांसाठी तिचे सर्वांत मोलाचे देणे मात्र एकत्रीकरणाच्याही आधी, १९५५ पासून, व्यवसाय-पत्रकारितेला दिले जाणारे जेसी नील पुरस्कार. जाहिरातदारावरच जगणाऱ्या पत्रात त्याच जाहिरातदाराला न रुचणारे लिहायला धैर्य लागते, आणि अशा संपादकाच्या पाठीशी त्याच्याच क्षेत्राने उभे राहणे फार गरजेचे असते. नील हे संघटनेच्या सुरुवातीच्या काळातले कार्यकारी प्रमुख होते.

नंतर नावात ‘मीडिया’ आले, छपाईची कमाई घटली, आणि २०१३ मध्ये ही संघटना सॉफ्टवेअर व माहिती उद्योगाच्या ‘एसआयआयए’ या संघटनेत विलीन झाली. नील पुरस्कार तिथेही चालू राहिले.