घोड्याजवळ येण्याआधी हे एकदा वाचून घ्या

आमच्याकडे राइडला येणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहिलंय, पहिल्यांदा येणाऱ्यांसाठीही आणि "आम्हाला येतं हो सगळं" म्हणणाऱ्यांसाठी तर जास्तच.

घोडा एवढा मोठा, चारपाचशे किलोचं जनावर, तरी मुळात तो घाबरट प्राणी आहे हे आधी लक्षात घ्या. जंगलात त्याची शिकार व्हायची, त्यामुळे काही अचानक हललं, वाजलं की आधी पळायचं आणि विचार नंतर करायचा, हे त्याच्या रक्तातच आहे. लोकांना वाटतं घोडा मुद्दाम लाथ मारतो, मुद्दाम चावतो, पण बहुतेक वेळा तो बुजलेला असतो किंवा त्याला कुठेतरी दुखत असतं, आणि आपल्याला ते कळलेलं नसतं. म्हणून आमचं सगळ्यात मोठं म्हणणं एकच, तुम्ही कुठे आहात आणि काय करणार आहात हे घोड्याला आधी कळू द्या.

त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. मान न वळवता त्याला जवळजवळ 350 अंशांपर्यंतचं दिसतं, पण दोन जागा सुटतात, एक शेपटीच्या बरोबर मागची आणि एक कपाळाच्या अगदी पुढची, नाकाखालची. आता गंमत बघा, बरेच जण येतात ते थेट समोरून येतात आणि हात सरळ कपाळावर ठेवतात, म्हणजे नेमका जिथे त्याला दिसत नाही तिथूनच हात येतो, मग तो मान झटकतो आणि लोक म्हणतात घोडा खडूस आहे. तसं करू नका. तिरकं या, डाव्या खांद्याच्या बाजूने, येताना त्याच्याशी काहीतरी बोलत या (काय बोलता त्याने फरक पडत नाही, आवाज हळू आणि सारखा हवा), थोडं थांबा, त्याला वास घेऊ द्या आणि मग मानेवर किंवा खांद्यावर हात ठेवा. थोपटण्यापेक्षा खाजवलेलं त्यांना जास्त आवडतं, मान संपून पाठ सुरू होते तिथे आयाळीच्या खाली. घोडे एकमेकांना तिथेच दातांनी खाजवत असतात.

मागून जायचं असेल तर एकतर लांबून जा, तीनेक मीटर तरी सोडून, नाहीतर आमच्या माणसाबरोबर जा, तो घोड्याच्या पुठ्ठ्यावर (मागच्या पायांच्या वरच्या मांसल भागावर) हात ठेवून अगदी चिकटून जाईल. मधलं अंतर सगळ्यात वाईट, म्हणजे एक-दीड मीटर, तिथे लाथ पूर्ण जोरात बसते. चिकटून असलात तर धक्का बसतो पण पाय पूर्ण लांब होत नाही. पोटाखालून किंवा दोरीखालून वाकून पलीकडे जायचं नाही, कितीही गरीब घोडा असला तरी नाही.

कान बघायला शिका, बाकी काही नाही जमलं तरी चालेल. कान टवकारून पुढे केले म्हणजे समोर काहीतरी दिसलंय, लक्ष तिकडे आहे. एक कान तुमच्याकडे फिरलेला असला तर तो तुमचं ऐकतोय. पण कान मागे पाडून मानेला चिकटवले, नाकपुड्या आवळल्या, शेपटी फटकारायला लागला, तर तो स्पष्ट सांगतोय की लांब हो, तेव्हा शांतपणे बाजूला व्हा. उभ्या उभ्या मागचा एक पाय सैल सोडून खुराच्या टोकावर टेकवलेला आणि खालचा ओठ लोंबतोय, तर तो डुलक्या काढतोय, तेव्हा तर आवाज दिल्याशिवाय हात लावूच नका. आणि घोड्याची कातडी एक माशी बसली तरी थरथरते हे एकदा जवळून बघा, मग कळेल की रपारप थोपटायची, पाय मारायची गरजच नसते.

"घाबरू नका, घोड्याला भीती कळते" असं सगळे सांगतात, आम्हाला तो सल्ला काही पटत नाही, कारण भीती काय बटण दाबून बंद होत नाही, उलट माणूस अजून ताठ होतो. भीती वाटत असेल तर सरळ आम्हाला सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मग श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडण्याकडे लक्ष द्या, लांब आणि सावकाश, खांदे सैल करा. घाबरला की माणूस दोन गोष्टी करतो, लगाम घट्ट ओढतो आणि पायांनी पोट आवळतो, आणि घोड्याला एकाच वेळी "थांब" आणि "पळ" असे दोन हुकूम मिळतात. बिथरेल नाहीतर काय करेल बिचारा.

वर बसल्यावर घोडा उधळलाच तर ओरडू नका, पुढे वाकू नका, उडी तर अजिबात मारू नका. मागे टेकून बसा, टाचा खाली, लगाम ओढा-सोडा ओढा-सोडा करा, सलग खेचत राहिलात तर तो त्यावरच जोर देऊन पळतो. मोकळी जागा असेल तर हळूहळू मोठ्या गोलात वळवा. एकामागे एक जाताना पुढच्या घोड्यात आणि तुमच्यात निदान एका घोड्याची लांबी राहू द्या, त्यांचीही आपसात भांडणं असतात.

दोरी किंवा लगाम हाताला गुंडाळायचा नाही, कधीच नाही, घोड्याने झटका दिला तर बोटं जातात. घड्या घालून मुठीत धरा. पायावर खूर पडला तर पाय ओढायला जाऊ नका, खांद्याने त्याला ढकला, वजन दुसरीकडे गेलं की तो पाय उचलतो.

खायला काही द्यायचं असेल तर आधी विचारा. घोड्याला उलटी करता येत नाही, चुकीचं पोटात गेलं की पोटशूळ होतो आणि त्यात घोडा दगावू शकतो, त्यामुळे ब्रेड, बिस्किटं बॅगेतच ठेवा. आम्ही हो म्हटलं तर तळहात सपाट, अंगठा चिकटवलेला.

हेल्मेट आम्ही देतो, पट्टा लावल्याशिवाय कुणालाही वर बसवत नाही, पाच मिनिटांच्या फेरीलाही नाही. बूट बंद आणि थोडी टाच असलेले घाला, सपाट चप्पल रिकिबीतून (खोगिराला लटकणाऱ्या, पाय ठेवायच्या कडीतून) आत सरकते आणि पडलात तर पाय अडकून फरफट होते. ओढणी, स्कार्फ आत खोचा, छत्री आणि फडफडणारी पिशवी लांब ठेवा. सेल्फी काढायचीच असेल तर आमचा माणूस घोडा धरून उभा असताना, फ्लॅश बंद करून. लहान मुलांचा हात सोडू नका, पळत पळत घोड्याकडे येणारं मूल ही आमची सगळ्यात मोठी काळजी आहे.

उतरताना दोन्ही पाय रिकिबीतून काढून मगच खाली या, आणि घोडा लगेच सोडू नका, गुडघे लटपटतात पहिल्यांदा, जरा उभे राहा. दम्याचा त्रास, पाठीचं दुखणं, गरोदरपण किंवा नुकतंच झालेलं ऑपरेशन, यातलं काही असेल तर बुकिंग करतानाच सांगा, म्हणजे बसायचं की नाही, आणि बसायचं तर कुठल्या घोड्यावर, ते आधीच ठरवता येतं.