आउटपुट की आउटकम? लॉगफ्रेममधल्या दोन ओळींचा घोळ

प्रकल्पाचा अहवाल उघडला की ‘परिणाम’ या शीर्षकाखाली बहुधा असं काही वाचायला मिळतं: इतके हातपंप बसवले, इतक्या बैठका घेतल्या, इतक्या पुस्तिका वाटल्या. काम झालं याबद्दल शंका नाही. पण याला परिणाम म्हणत नाहीत. लॉगफ्रेम म्हणजे प्रकल्पाचं नियोजन आणि मूल्यमापन एका पानावर मांडणारा तक्ता. त्याच्या भाषेत हे सगळं आउटपुट. परिणाम म्हणजे आउटकम, आणि तो एक पायरी वर असतो. (‘फलनिष्पत्ती’ हा शब्द दोन्हींसाठी सर्रास वापरला जातो, त्यामुळे इथे तो टाळतोय.)

लॉगफ्रेमचा तक्ता साधा आहे. चार ओळी, चार रकाने. ओळी खालून वर वाचायच्या: उपक्रम, आउटपुट, आउटकम, ध्येय. रकान्यांत वर्णन, निर्देशक, पडताळणीचं साधन आणि गृहीतकं. १९६९ च्या सुमारास परदेशांना विकासासाठी मदत देणाऱ्या अमेरिकेच्या यूएसएआयडी या सरकारी संस्थेसाठी हा तक्ता तयार झाला. तेव्हा एक अडचण अशी होती, की प्रकल्पप्रमुखाची जबाबदारी नेमकी कुठे संपते हेच ठरलेलं नसे. मूल्यमापन म्हणजे दोष कुणाचा, यावरची भांडणं. ही हद्द आखायची जागा म्हणजे आउटपुट आणि आउटकम यांच्यामधली रेघ.

हातपंपाचंच बघा. पंप बसवणं, पाणी तपासून घेणं, दुरुस्ती करू शकतील अशी माणसं तयार करणं हे संस्थेच्या हातात आहे. पैसे आणि माणसं असतील तर व्हायलाच हवं. लोक जुना ओढा सोडून पंपाचं पाणी पिऊ लागतात का, हे लोकांच्या हातात. मी मसुदा तपासताना वाक्याचा कर्ता बघतो. कर्ता संस्था असेल तर आउटपुट, लोक असतील तर आउटकम. ‘कुटुंबांना स्वच्छ पाणी उपलब्ध करून दिले’ हे वाक्य आउटकमच्या ओळीत बसवलेलं दिसतं, पण त्यातला कर्ता अजून संस्थाच आहे. ‘कुटुंबं वर्षभर पंपाचंच पाणी पितात’ हे खरं आउटकम. जुलाबाचं प्रमाण घटणं त्याच्याही वर, ध्येयाच्या ओळीत.

या रेघेवरून पलीकडे जायचं तर मध्ये गृहीतकं लागतात: भूजल खाली जाणार नाही, सुटे भाग मिळत राहतील, पाण्याची चव लोकांना चालेल. हा शेवटचा रकाना घाईत भरला जातो, ‘राजकीय परिस्थिती स्थिर राहील’ असं काहीतरी लिहून. खरं तर प्रकल्प फसतो तेव्हा कारण बरेचदा याच रकान्यात असायला हवं होतं.

मोजण्याची पद्धतही बदलते. आउटपुट शून्यापासून सुरू होतं. प्रकल्पाचा पहिला पंप बसण्याआधी प्रकल्पाचे पंप शून्यच. त्यामुळे नोंदवही आणि महिन्याचा आढावा पुरतो. आउटकमला मात्र आधीची पाहणी लागते, कारण काही कुटुंबं आधीपासूनच स्वच्छ पाणी पीत असतील. शिवाय बदल झाला तरी तो आपल्यामुळेच, असं म्हणता येत नाही. त्याच काळात दुसऱ्या कुणी नळ आणले असतील. १९९१ मध्ये ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेच्या विकास साहाय्य समितीने मूल्यमापनाचे जे निकष मांडले, त्यांत कार्यक्षमता प्रामुख्याने साधनं आणि आउटपुट यांचं गणित बघते, परिणामकारकता आउटकमकडे. म्हणून सगळे पंप वेळेत, कमी खर्चात बसवूनही परिणामकारकतेत नापास होता येतं.

एक जागा वादाचीच आहे: प्रशिक्षणानंतर वाढलेली माहिती. काही देणगीदार तिला अल्पकालीन आउटकम मानतात. कर्त्याच्या कसोटीवरही ती तिथेच जाते, तरी मी ती आउटपुटमध्येच ठेवतो. प्रशिक्षणाच्या शेवटच्या तासाला घेतलेल्या चाचणीत कळतं ते आमचं शिकवणं कसं झालं, एवढंच. पंपाचा वॉशर कुणी बदलला, ते सहा महिन्यांनी पंपापाशी जाऊन बघावं लागतं.