दवाखान्यातल्या केसपेपरांतून श्वसनविकाराचे रुग्ण शोधताना: कोल्हापुरातल्या डॉक्टर-संशोधकांसाठी परवानगी, पात्रता आणि कागदपत्रं

दमा किंवा सीओपीडीच्या (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा फुफ्फुसाचा जुनाट आजार) अभ्यासाला रुग्ण हवे असले की संशोधक आधी मोठ्या रुग्णालयाची ओपीडी गाठतात. तिथं भेटतात ते आजार बळावल्यावर आलेले. जिना चढताना धाप लागते, थंडीत चार दिवस वाफ घ्यावी लागते, पंप खिशात असतो पण रोज ओढला जात नाही, अशी माणसं उद्यमनगर, शिरोली, कागल, इचलकरंजीतल्या फॅमिली डॉक्टरांकडंच वर्षानुवर्षं जातात. फौंड्रीतला कामगार, यंत्रमाग चालवणारा, गुऱ्हाळाच्या चुलवाणात जळण घालणारा, चुलीपुढं आयुष्य गेलेली आजी, या सगळ्यांचे केसपेपर तिथल्या कपाटात आहेत. अभ्यास खऱ्या कोल्हापूरचा व्हायचा असेल तर ते कपाट उघडावं लागेल. उघडायचं कुणी, हा प्रश्न मात्र आधी सोडवायचा.

उत्तर सरळ आहे. केसपेपर दवाखान्यातले लोकच चाळतील, रुग्णाला फोन त्याच्या डॉक्टरांकडून जाईल, आणि रुग्ण ‘हो’ म्हणाल्यावरच त्याचं नाव संशोधकाकडं जाईल. पुढची सगळी प्रक्रिया याच क्रमानं बसवा. रुग्णानं आपला आजार डॉक्टरला विश्वासानं सांगितलेला असतो, आणि वैद्यकीय व्यावसायिकांच्या वर्तनाविषयीच्या २००२ च्या नियमांनीही ती माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन डॉक्टरवर घातलं आहे.

परवानगी

एकही केसपेपर काढण्याआधी एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची, लेखी मंजुरी लागते. औषधाची चाचणी नसून नुसतं निरीक्षण असेल, प्रश्नावली आणि फुंकण्याची चाचणी (स्पायरोमेट्री) एवढंच करायचं असेल, तरीही. अशा अभ्यासाला मंजुरी देणारी कमिटी आरोग्य संशोधन विभागाकडं नोंदलेली असावी, आणि नव्या औषधाची चाचणी असेल तर केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडं. सीपीआर रुग्णालयाशी जोडलेल्या राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थेतला एमडीचा विद्यार्थी किंवा प्राध्यापक आपल्याच संस्थेमार्फत अर्ज करतो. स्वतंत्र दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला अशा एखाद्या संस्थेशी लेखी करार करून तिच्या कमिटीपुढं जावं लागतं.

अर्जात एक गोष्ट बहुतेकांकडून राहून जाते. रुग्णाची संमती मिळण्याआधी त्याची नोंद पाहायची तर त्या टप्प्यापुरती संमतीतून सूट वेगळी मागावी लागते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ठराविक परिस्थितीत अशी सूट देण्याचा अधिकार कमिटीला आहे. मात्र कोण पाहणार, काय पाहणार, कुठं बसून पाहणार आणि उतरवलेली माहिती कधी नष्ट करणार हे तुम्हीच लिहून द्यायचं. ‘रेकॉर्डमधून रुग्ण निवडले जातील’ एवढ्या एका ओळीवर काम भागवू नका.

औषधाची किंवा उपचाराची चाचणी असेल तर पहिला रुग्ण सामील होण्यापूर्वी सीटीआरआयवर (वैद्यकीय चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही) नोंदणी पूर्ण हवी. १ एप्रिल २०१८ पासून चाचणी सुरू झाल्यानंतरची नोंदणी तिथं घेतली जात नाही. परदेशी पैसा किंवा भागीदार असल्यास आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरीही लागते.

कागदपत्रं

अभ्यासाचा आराखडा, संशोधकांची माहितीपत्रं आणि प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं, खर्चाचा तपशील, हितसंबंधांचं घोषणापत्र, संस्थेची परवानगी हे नेहमीचे कागद. यासोबत सहभागी दवाखान्याच्या डॉक्टरांचं सहीचं संमतिपत्र, नोंदी शोधण्याचे निकष, नोंद उतरवण्याचा कोरा तक्ता, रुग्णाला जाणारं पत्र किंवा फोनवर बोलायचा मजकूर, मराठी माहितीपत्रक आणि मराठी संमतीपत्र जोडा. फोनचा मजकूरही कमिटीनं पाहिलेलाच असायला हवा. रिसेप्शनवरच्या ताईंना ‘तुम्ही सांगा काहीतरी’ म्हणून चालणार नाही. दवाखान्याला वेळेचा मोबदला द्यायचा असल्यास तो खर्चात उघड दाखवा. पाठवलेल्या प्रत्येक रुग्णामागे रक्कम देण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे, कारण त्यात डॉक्टरचा सल्ला आणि डॉक्टरचा फायदा एकमेकांत मिसळतात.

पात्र रुग्ण शोधायचे कसे

दवाखाना संगणकावर असेल आणि आजारांना आयसीडी-१० चे (आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचे) कोड दिलेले असतील तर सीओपीडीसाठी जे४४ आणि दम्यासाठी जे४५ टाकून यादी निघते. आपल्याकडच्या बऱ्याच दवाखान्यांत मात्र केसपेपर किंवा रजिस्टर असतं, आणि त्यावर ‘खोकला, धाप’ एवढंच लिहिलेलं असतं. नुसतं निदान शोधलं तर निम्मं काम हुकतं, म्हणून औषधांवरूनही शोधा: सॅल्ब्युटामॉल, बुडेसोनाईड, फॉर्मोटेरॉल, टायोट्रोपियम, डेरिफायलिन. वर्षात पुन्हापुन्हा नेब्युलायझर घेतल्याच्या नोंदीही धरा. मॉन्टेलुकास्टवर एकट्यावर विसंबू नका. ते सर्दी-ॲलर्जीलाही दिलं जातं.

त्यानंतर वय. सीओपीडीच्या अभ्यासात बहुधा ४० वर्षांवरचे रुग्ण घेतात. धूम्रपानाची नोंद असली तर उतरवा, पण ती नाही म्हणून कुणाला वगळू नका. बिडी न ओढणाऱ्या बाईलाही चुलीच्या धुरानं सीओपीडी होतो. सगळ्यात मोठी उणीव रुग्णाच्या कामाची आहे. केसपेपरवर ‘नोकरी’ किंवा ‘शेती’ लिहिलेलं असतं. फौंड्रीत मोल्डिंगला होता की ऑफिसात, हे त्यावरून कळत नाही, आणि सिलिकाच्या धुळीचा अभ्यास असेल तर नेमकं तेच हवं असतं. म्हणून कामाची अट कागदावर तपासू नका, भेटीतल्या प्रश्नावलीत तपासा.

केसपेपरवरून ठरतो तो फक्त संभाव्य रुग्ण. सीओपीडीची पक्की पात्रता स्पायरोमेट्रीनं ठरते: श्वासनळ्या मोकळ्या करणारं सॅल्ब्युटामॉल दिल्यानंतरच्या चाचणीत पहिल्या सेकंदात सोडलेली हवा आणि एकूण सोडलेली हवा यांचं गुणोत्तर ०.७० पेक्षा कमी. क्षयरोगाचा उपचार चालू असलेले, नुकताच हृदयविकाराचा झटका आलेले, नुकतंच डोळ्याचं, छातीचं किंवा पोटाचं ऑपरेशन झालेले रुग्ण यादीतूनच काढा, कारण जोरात फुंकणं त्यांना धोक्याचं ठरू शकतं.

तयार यादीवर शेवटचा हात रुग्णाच्या डॉक्टरांचा. कोण वारलं, कुणाच्या घरी दुःख आहे, कुणाला फोन केला तर तो घाबरेल, हे कुठल्याच कागदावर नसतं. ही पायरी वेळ नाही म्हणून गाळू नका.

यादीत नावाऐवजी क्रमांक घाला. क्रमांक आणि नाव जोडणारा तक्ता दवाखान्यातच, कुलपात. मोबाईल नंबर आणि आभाचा (डिजिटल आरोग्य खात्याचा) १४ अंकी क्रमांक संशोधकाच्या यादीत येता कामा नये. केसपेपरवरून माहिती एक्सेलमध्ये भरली की तीही २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते. त्यामुळे ‘आमचं सगळं कागदावरच आहे’ ही सबब टिकत नाही.

संपर्क आणि संमती

दवाखान्याच्याच नंबरवरून फोन करा. व्हॉट्सॲपवर आजाराचं नाव लिहू नका. एक मोबाईल अख्खं घर वापरतं, आणि लग्नाच्या मुलीचा दमा अजूनही कितीतरी घरांत लपवला जातो. फोन रुग्णानं स्वतः घेतला तरच विषय काढा. दोनदा उत्तर आलं नाही तर तिथंच थांबा.

नकार दिला तरी नेहमीचा उपचार तसाच चालू राहील, हे पहिल्या दोन वाक्यांतच सांगा. आपल्या डॉक्टरांना ‘नाही’ म्हणणं गावाकडच्या माणसाला फार जड जातं, म्हणून प्रत्यक्ष संमती डॉक्टरांनी न घेता अभ्यासाच्या दुसऱ्या सदस्यानं घ्यावी. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदारासमोर माहितीपत्रक वाचून दाखवून अंगठा घ्या आणि साक्षीदाराची सही घ्या. सही केलेली प्रत रुग्णाला द्या. दमा असलेली मुलं हवी असतील तर पालकांची संमती आणि ७ वर्षांवरच्या मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही लागतात.

चाचणी मोफत असावी आणि एसटीचं भाडं मिळावं. त्या दिवशीचा रोजगार बुडणार असेल तर त्याचीही तरतूद अर्जातच करा. स्पायरोमेट्रीचा अहवाल रुग्णाच्या हातात द्या, आणि त्याची परवानगी असल्यास त्याच्या डॉक्टरांनाही पाठवा. चाचणीत अपात्र ठरलेल्यांचाही अहवाल द्या, म्हणजे धाप नेमकी कशानं लागते याचा शोध डॉक्टरांना पुढं नेता येईल.