मालट्रकच्या ब्रेक तपासणीतील एक्सल वर्गीकरण

मालट्रकचे ब्रेक एकेका एक्सलचे तपासले जातात. त्याआधी कोणता एक्सल काय काम करतो, हे ठरवणे म्हणजे एक्सल वर्गीकरण. सातारा-सांगलीकडे गाडी चाकांवरून ओळखतात: सहा चाकी, दहा चाकी, बारा चाकी. तपासणीला एवढी ओळख पुरत नाही. दहा चाकी मालट्रकमध्ये बहुधा एकच एक्सल ओढीचा असतो, दुसरा नुसता वजन पेलतो. दहा चाकी टिपरमध्ये मागचे दोन्ही ओढतात.

पुढच्या एक्सलला सहसा साधा चेंबर (हवेच्या दाबाने ब्रेक लावणारा डबा) असतो. मागच्याला दुहेरी, कारण हँडब्रेकची स्प्रिंग त्यातच बसते. म्हणून हँडब्रेकचा जोर स्प्रिंग असलेल्या एक्सलवरच मोजायचा. टक्केवारी काढताना भागाकार मात्र पूर्ण गाडीच्या वजनाने.

चालू ब्रेकचा, म्हणजे पॅडलने लागणाऱ्या ब्रेकचा, हिशेब प्रत्येक एक्सलच्या वजनावर होतो. एक्सलवर ६,००० किलो (सुमारे ५९ किलोन्यूटन), डावीकडे १८ आणि उजवीकडे १२ किलोन्यूटन जोर आला, तर एकूण ३० म्हणजे सुमारे ५१ टक्के. आकडा बरा दिसतो, पण दोन बाजूंत तिसऱ्या हिश्श्याचा फरक आहे. ब्रेक दाबताच गाडी डावीकडे ओढणार. रिकाम्या गाडीची चाके रोलरवर (चाके फिरवून ब्रेकचा जोर मोजणाऱ्या यंत्रावर) लवकर घसरतात, त्यामुळे पूर्ण जोर दिसतच नाही.

दोन्ही ओढीच्या जोडीत रोलरची गती शाफ्टमधून शेजारच्या एक्सलकडे जाते. इंटर-एक्सल लॉक (दोन्ही एक्सल एकत्र जखडणारी कळ) सोडले नसेल तर आकडा फसवा येतो.

सर्वांत दुर्लक्षित लिफ्ट एक्सल, म्हणजे गरज नसताना वर उचलता येणारा एक्सल. रिकाम्या परतीत तो उचललेलाच असतो. लायनर (ड्रमवर घासणारा ब्रेकचा थर) गुळगुळीत होतो, स्लॅक ॲडजस्टर (लायनर आणि ड्रममधले अंतर राखणारा दांडा) गंजून अडकतो. तपासताना तो खाली टेकवावाच लागतो. वर ठेवून ‘पास’ झालेल्या गाडीचा त्या एक्सलपुरता निकाल कोराच राहतो.

स्ट्रोक, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चेंबरमधून पुश रॉड जेवढा बाहेर येतो ते अंतर, मोजायला चाकांना ठोकळे लावावेत, हँडब्रेक सोडावा, टाकीत ६ ते ७ बार हवा भरावी, पुश रॉडवर खडूची खूण करून पॅडल पूर्ण दाबावे. साध्या ३० नंबरच्या (हा चेंबरच्या आकाराचा नंबर) चेंबरचा पूर्ण स्ट्रोक सुमारे ६४ मिमी. ५१ मिमीच्या वर गेला तर ॲडजस्टमेंट संपली. ब्रेक थंड असताना ४९ मिमी दिसला म्हणून निर्धास्त राहू नये. खंबाटकी किंवा कुंभार्ली घाटाच्या उतारावर ड्रम तापून फुगतो, शूजपासून लांब जातो आणि तोच स्ट्रोक वाढतो. ऑटो ॲडजस्टर असूनही स्ट्रोक वाढत असेल तर पान्याने आवळून भागत नाही. कॅमचे (शूज ड्रमवर दाबणाऱ्या भागाचे) बुश, चेंबरचा ब्रॅकेट आणि ॲडजस्टरच तपासावा.