दुर्बिणीची ताकद ‘किती पट’ यावर ठरत नाही

‘५२५ पट मोठं दाखवते!’ स्वस्त दुर्बिणींच्या खोक्यांवर असं छापलेलं असतं. जितके पट जास्त तितकी दुर्बीण भारी, हा समज वर्षानुवर्षं टिकून आहे. तो चुकीचा आहे.

दुर्बिणीचं पहिलं काम प्रकाश गोळा करणं. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली साधारण ७ मिलिमीटर उघडते. ६० मिलिमीटर व्यासाचं भिंग तिच्या सुमारे ७३ पट प्रकाश पकडतं, १५० मिलिमीटरचा आरसा जवळपास ४६० पट. उलट आयपीस (डोळ्याजवळचं छोटं भिंग) बदलून पट कितीही वाढवता येतात: पट म्हणजे मुख्य भिंगाचं नाभीय अंतर (भिंगापासून प्रकाश जिथे एकवटतो तिथपर्यंतचं अंतर) भागिले आयपीसचं. पण प्रकाश तेवढाच राहतो. चित्र नुसतं पसरतं, अंधूक होतं. व्यासाच्या दर मिलिमीटरला दोन पट, ही ढोबळ मर्यादा; म्हणजे ६० मिलिमीटरला १२०. त्यापुढचा आकडा ही सरळ फसवणूक आहे. पहिल्याच रात्री मुलांचा विरस होतो, याचा मला राग येतो.

‘खरी दुर्बीण भिंगाचीच’ हेही खरं नाही. भिंग प्रकाश वाकवून एकत्र आणतं, पण प्रत्येक रंग थोडा वेगळ्या अंतरावर. शिवाय ते फक्त कडेनं धरता येतं, त्यामुळे मोठं भिंग स्वतःच्या वजनानं वाकतं. संशोधनासाठी यशस्वीपणे वापरलेलं सर्वांत मोठं भिंग अमेरिकेतल्या यर्क्स वेधशाळेचं, १८९७ सालचं, १०२ सेंटिमीटरचं. अंतर्वक्र आरसा मात्र सगळे रंग एकाच जागी आणतो आणि त्याला मागून आधार देता येतो. न्यूटननं १६६८ मध्ये अशी दुर्बीण बनवली. हवाईतल्या केक दुर्बिणीचा १० मीटरचा आरसा ३६ तुकड्यांचा आहे. जुन्नरजवळ गिरवलीची, आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेची २ मीटरची दुर्बीणही आरशाचीच.